‘फोरबोडिंग’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

अर्धविराम

गेले नऊ दिवस मी एका बंद दाराबाहेर उभी आहे. आत कसं शिरायचं हे कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

एका इंग्रजी दीर्घकथेचा अनुवाद करते आहे. नाव करारामुळे सांगता येत नाही. पहिली ४० पानं फारशी कुरकुर न करता झाली. ४१व्या पानावर एक बाई स्वतःच्याच घराच्या दाराशी येते. दार नेहमीसारखं बंद. खालच्या फटीतून उजेड दिसतोय. आवाज नाही, वास नाही, वाटेत कुणी काही बोललेलं नाही. ती किल्ली काढते आणि लेखिका म्हणते, तिच्या मनात ‘अ सेन्स ऑफ फोरबोडिंग’ दाटून आलं. पुढच्याच वाक्यात ती दार उघडते.

माझे प्रयत्न, लाज सोडून:

‘तिला भीती वाटली.’ संपादकबाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘कशाची?’

‘तिला अनिष्टाची पूर्वसूचना मिळाली.’ पेन्सिल: ‘टपालाने?’

‘तिच्या मनात अशुभ विचार आला.’ पेन्सिल: ‘कोणता?’

मग मी हुशारी करून ‘तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली’ असं लिहिलं. त्याला पेन्सिल पुरली नाही, थेट फोन आला. ‘अगं, पाल चुकचुकते ती समोरचा थापा मारतोय असं वाटलं की. इथे समोर माणूस कुठाय? दार आहे.’

बाई बरोबर आहेत, हीच तर पंचाईत आहे.

त्यात भर म्हणजे याच दोन पानांत ‘ओमिनस’, ‘इम्पेन्डिंग’ आणि ‘ड्रेड’ असे आणखी तिघे येऊन बसलेत. माझ्या खर्ड्यात चौघांचंही ‘अशुभ’ झालंय. परत वाचलं तर पान नाही, पंचांग वाटतं.

शिवाय एक शंका. त्या घरात जे काही व्हायचं ते होऊन गेलेलं आहे, तीन पानांनी कळतं. मग ‘फोर’, म्हणजे ‘आधी’, ते कशाच्या आधी? लेखिकेने शब्द चुकीचा वापरलाय का?

कोशातले अर्थ पाहून झालेत. ‘अनिष्टसूचक भावना’ वगैरे. अर्थ सापडलाय हो, वाक्य सापडत नाहीये.

जोडाक्षर

अर्धविरामताई, इंग्रजी शिकवण्यात ३१ वर्षं गेली, त्यामुळे थोडं लांबेल. सवय आहे.

आधी शब्द फोडू. ‘फोर’ म्हणजे पुढे, आधी. फोरकास्ट, फोरसी, फोरहेड मधला. ‘बोड’ हे जुन्या इंग्रजीतलं ‘बोडियन’ हे क्रियापद, अर्थ जाहीर करणं, निरोप पोचवणं, पुढचं सांगणं. ते आलं ‘बोडा’पासून. बोडा म्हणजे निरोप्या. जर्मनमध्ये आजही निरोप्याला ‘बोटे’ म्हणतात आणि टपाल आणून देणारा तो ‘पोस्टबोटे’. म्हणजे तुमच्या बाईंनी ‘टपालाने?’ विचारलं ते चेष्टेत असलं तरी व्युत्पत्तीला धरून होतं!

गंमत अशी की हा निरोप्या मुळात वाईटच बातमी आणायचा असं नाही. जुन्या इंग्रजीत धर्मोपदेश करण्यालाही ‘बोडियन’ म्हणत. आजही ‘बोड्स वेल’ आणि ‘बोड्स इल’ दोन्ही चालतं. पण ‘फोर’ चिकटल्यावर हळूहळू त्याच्या झोळीत फक्त वाईट निरोप उरले. कुणाला ‘चांगलं फोरबोडिंग’ झालं असं आज कुणी म्हणत नाही.

यातच तुमच्या शंकेचं उत्तर आहे. निरोप्या निघतो तो घटना घडून गेल्यावर. घटना मागे असते, बातमी पुढे असते. त्या बाईच्या लेखी अजून काहीच झालेलं नाही, कारण तिला कळलेलं नाही. लेखिका चुकलेली नाही.

आता बाकीच्या तिघांची पंगत वेगवेगळी मांडू.

‘ओमिनस’ हा बाहेरचा गुण. ढग ओमिनस, शांतता ओमिनस, डॉक्टरांनी रिपोर्ट वाचताना घेतलेला ‘हं’ ओमिनस. माणसाला ‘ओमिनस वाटत’ नाही, फोरबोडिंग वाटतं. एक चिन्हात असतं, दुसरं ते बघणाऱ्याच्या मनात. मूळ लॅटिन ‘ओमेन’ बरंवाईट दोन्ही असायचं, आपल्या शकुनासारखं. इंग्रजीत ‘गुड ओमेन’ अजून चालतं, पण ‘ओमिनस’ मात्र पक्कं वाईटाकडे गेलं.

‘इम्पेन्डिंग’ म्हणजे वर लटकलेलं. लॅटिन ‘पेन्डेरे’, लटकणे. पेन्ड्युलम, पेन्डिंग, सस्पेन्ड, सगळी एकाच फांदीला लोंबणारी भावंडं. दामोक्लिसच्या डोक्यावर घोड्याच्या एका केसाने बांधलेली तलवार होती ना, सिसेरोने सांगितलेली गोष्ट, ते इम्पेन्डिंगचं चित्र. मराठीत तर हे आयतंच आहे: टांगती तलवार, जीव टांगणीला लागणे. ‘इमिनन्ट’ त्याचा जवळचा, पण तो घड्याळाकडे बघतो, आता लगेच होणार. इम्पेन्डिंग वर बघतो.

‘ड्रेड’ला तारीख माहीत असते. सोमवारी निकाल, गुरुवारी शस्त्रक्रिया. त्याला सरळ कर्म लागतं, ‘आय ड्रेड मंडेज’. फोरबोडिंगला असं कर्म जोडता येत नाही. आणि म्हणूनच ‘भीती’ला पेन्सिल लागली. मराठीत भीती षष्ठीशिवाय उभी राहत नाही: सापाची, पडण्याची, लोकांची. ‘कशाची?’ला ज्याच्याजवळ उत्तर आहे तो ड्रेड, ज्याच्याजवळ नाही तो फोरबोडिंग. तुमच्या बाईंची पेन्सिल ही उत्तम कसोटी आहे, जपून ठेवा.

एक धोक्याचा कंदील: ‘फॉरबिडिंग’शी गल्लत करू नका. माझ्या वर्गात दर वर्षी निम्मी मुलं करायची. फॉरबिडिंग चेहरा म्हणजे ‘पुढे याल तर याद राखा’ असा. तिथे ‘फोर’ नाही, ‘फॉर’ आहे, फॉरगेट, फॉरगो मधला, दूर सारणारा. त्यामुळे स्पेलिंगमधला ‘ई’ विसरू नये.

माझी सूचना: ‘तिला अशुभाची चाहूल लागली.’

रात्रपाळी

मी भाषेतली नाही, परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात. पण हा शब्द आमच्याकडे रोज भेटतो, म्हणून लिहिते.

वैद्यकात ‘सेन्स ऑफ इम्पेन्डिंग डूम’ हे चक्क लक्षण आहे. ताप, खोकला लिहितात तसं केसपेपरवर लिहितात. हृदयविकाराच्या झटक्यात असतं, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली की असतं, तीव्र अ‍ॅलर्जीत असतं, चुकीच्या गटाचं रक्त चढायला लागलं तर असतं. पॅनिक अटॅकमध्येही असतं, तिथे जीवाला धोका नसतो पण वाटतं तेवढंच खरं. रक्त चढत असताना रुग्ण अचानक घाबरून काही विचित्र बोलायला लागला तर आधी रक्त बंद करायचं आणि मग प्रश्न विचारायचे, असं आम्हाला शिकवलेलं आहे.

सगळ्यात नवल वाटतं ते अ‍ॅडेनोसिनचं. हृदयाचे ठोके एका ठरावीक प्रकारे बेफाम वाढले की हे शिरेतून झटकन देतात. ते हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खाली जाणारा विद्युतसंदेश काही क्षण अडवतं. त्याचं अर्धायुष्य १० सेकंदांच्याही आत. पण ते काही क्षण माणसाला वाटतं की संपलं सगळं. म्हणून आम्ही आधीच सांगून ठेवतो, ‘आता तुम्हाला फार वाईट वाटेल, अगदी जातो की काय असं, पण घाबरू नका, लगेच जाईल.’ तरी प्रत्येक जण हात घट्ट धरतो. घटना नाही, कारण नाही, शकुन नाही, नुसतं औषध. आणि मनात थेट ती भावना उमटते.

उत्तर ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात इरुकांजी नावाची बोटाच्या नखाएवढी जेलीफिश असते, तिच्या दंशानंतरही हे होतं. १९६१ साली जॅक बार्न्स नावाच्या डॉक्टरने हीच ती जेलीफिश हे सिद्ध करायला स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला दंश करवला. तिघंही रुग्णालयात. (मुलाच्या आईचं काय म्हणणं पडलं ते कुठे वाचनात आलं नाही.)

आता मराठी. इतक्या वर्षांत मला एकाही रुग्णाने ‘अनिष्टाची पूर्वसूचना होत आहे’ असं सांगितलेलं नाही. ते काय म्हणतात ते सांगते:

‘कसंतरीच होतंय.’
‘सिस्टर, इथून जाऊ नका.’
‘काहीतरी होतंय मला, काय ते सांगता येत नाही.’
‘मी काही आता वाचत नाही.’

एका आजोबांनी फक्त चष्मा काढून माझ्या हातात दिला होता. ‘ठेव,’ म्हणाले. मी डॉक्टरांना हाक मारली. ईसीजी तोवर काही दाखवत नव्हता, दहा मिनिटांनी दाखवायला लागला. ते वाचले, चष्मा परत नेला.

म्हणून माझं मत, नाम शोधू नका. आणि विषय निघालाच आहे तर: छातीत दुखणं, दम लागणं किंवा नवीन औषधानंतर अंगावर गांधी उठणं याच्यासोबत कुणी असं बोललं तर ‘उगाच काहीतरी मनात आणू नकोस’ म्हणून गप्प करू नका. रुग्णालयात न्या.

जोडाक्षर

रात्रपाळी, चष्म्याचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

फक्त एक जोड देतो. ‘डूम’ म्हणजे मुळात विनाश नव्हेच. जुन्या इंग्रजीतला ‘डोम’ म्हणजे निवाडा, कायदा. इंग्लंडमध्ये १०८६ साली जमीनजुमल्याची मोजदाद झाली, त्या दप्तराला लोक पुढे ‘डूम्सडे बुक’ म्हणायला लागले. त्यातल्या नोंदीवर अपील नाही, शेवटच्या न्यायाच्या दिवसासारखं. तेव्हा ‘इम्पेन्डिंग डूम’ म्हणजे डोक्यावर लटकलेला निकाल. आजोबांनी निकाल लागण्याआधी चष्मा जमा केला.

पोथीनिष्ठ

जोडाक्षरसाहेबांचं विवेचन उत्तम, पण ते ‘बोडा’पाशी थांबले. अजून एक पायरी खाली उतरा.

हा ‘बोड’ ज्या आदिम धातूपासून आला, त्याच धातूपासून संस्कृतातला ‘बुध्’ आला. जाणणे, जागं होणे. बोध, बुद्धी, बुद्ध सगळे त्यातलेच. म्हणजे फोरबोडिंगचं अक्षरशः रूप मांडायचं तर ‘पूर्वबोध’! आणि ‘फॉरबिड’मधला ‘बिड’ही त्याच कुळातला, त्यामुळे गल्लत करणारी मुलं अगदीच गाढव नव्हती, चुलत भावंडांत चुकत होती.

तसंच ‘अँग्झायटी’. लॅटिन ‘अंगेरे’, गळा आवळणे. संस्कृतात त्याचा नातलग ‘अंहस्’, संकट, पाप, आणि ‘अंहु’ म्हणजे अरुंद. अरुंद जागेत कोंडल्यासारखं होणं ही कल्पना दोन्हीकडे.

आपल्याकडे या भावनेला शब्द नाहीत असं कृपया कुणी म्हणू नये. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची स्थिती पाहा. आधी अंग गळतं, तोंड कोरडं पडतं, कापरं भरतं, काटा येतो, आणि मग तो म्हणतो ‘निमित्तानि च पश्यामि विपरीतानि केशव’. आधी शरीर, नंतर शकुन. रात्रपाळीताईंच्या अनुभवाशी हे जुळतं. ‘विपरीत’ हा शब्द आपण अजून त्याच अर्थाने वापरतो, ‘काहीतरी विपरीत घडणार’. ‘निमित्त’ मात्र बिचारं चहापाण्याचं निमित्त होऊन बसलं.

शाकुंतलाच्या चौथ्या अंकात सख्या सांगतात, राजाने ओळखलं नाही तर ही अंगठी दाखव. त्या नुसत्या ‘नाही तर’ने शकुंतला थरथरते. सख्या म्हणतात, भिऊ नकोस, अतिस्नेह पापशंकी असतो. म्हणजे ज्याच्यावर फार जीव, त्याच्याबद्दल मन आधी वाईट कल्पतं. आता सांगा, ‘पापशंका’ काय वाईट आहे? संस्कृतात शंका म्हणजे भयसुद्धा होतं. मराठीने ती वर्गात हात वर करून विचारायची करून टाकली.

‘चाहूल’ मला पटत नाही. चाहूल कानाला लागते. पाऊल वाजतं, पान सळसळतं, तेव्हा चाहूल. ताईंच्या कथेत आवाजच नाही.

दोनओळी

‘पूर्वबोध’ :) माफ करा, पण पडद्यावर ‘मला पूर्वबोध होत आहे’ असं आलं तर प्रेक्षक योगशिबिराची जाहिरात समजतील. आणि ‘पापशंका’ वाचून नायिकेने काय पाप केलं हे शोधत बसतील.

मी उपशीर्षकं लिहिते. दोन ओळी, त्याही माणूस बोलून संपायच्या आत वाचून झाल्या पाहिजेत. त्यामुळे मला नामं परवडत नाहीत. आमच्या धंद्यातला अनुभव असा की इंग्रजी ही भावना वस्तूसारखी ठेवते: ती असते, दाटते, भरते, पसरते. मराठीत ती वस्तू नसतेच, माणसाला काहीतरी होतं किंवा मन काहीतरी करतं. मन खातं. जीव वरखाली होतो. काळजात लक्क होतं. पोटात गोळा येतो. मनाने घेतलं. सगळी क्रियापदं.

पण ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘धस्स’ आणि ‘लक्क’ क्षणाचे, फोन वाजला, धस्स. ‘चरकणे’ही क्षणाचंच, आणि त्याला निमित्त लागतं, काहीतरी दिसतं म्हणून चरकतो. ‘धाकधूक’ला निकालाची वाट असते आणि निकाल बरा लागण्याची आशाही. ‘घालमेल’ म्हणजे इकडे की तिकडे. ‘हुरहुर’ कुणीतरी हटकून सुचवेल म्हणून आधीच सांगते, त्यात ओढ आहे, कुणी गेल्याची, कुणी न आल्याची. फोरबोडिंगमध्ये ओढ नसते, उलट पाय मागे येतात. ‘सावट’ चांगलं आहे पण ते घरावर, गावावर, सणावर पडतं. बाईच्या मनावर सावट म्हटलं की वर्तमानपत्राचा मथळा होतो.

आणि ताई, हे तुमच्या एकटीचं दुखणं नाही. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्डने १८४४ साली नेमक्या याच निराकार भीतीवर पुस्तक लिहिलं, शब्द वापरला ‘आंगेस्ट’. भीतीला समोर काहीतरी लागतं, आंगेस्टला लागत नाही, हाच त्याचा मुद्दा. १९४४ साली इंग्रजी अनुवादकाने त्याला ‘ड्रेड’ म्हटलं. १९८० साली दुसऱ्याने ‘अँग्झायटी’ केलं. मुखपृष्ठावरचा एक शब्द, आणि त्यावरही त्यांचं जमलं नाही. तुम्ही नऊच दिवस अडलात.

चौघांपुरतं माझं वाटप, पटलं तर घ्या. ओमिनस शांतता: ‘भलतीच शांतता’ किंवा ‘जीवघेणी शांतता’, मागचंपुढचं वाक्य बघून. इम्पेन्डिंग: ‘येऊ घातलेलं’. ‘घातलेलं’मध्ये ते अर्धं आत आलेलं असतं. ड्रेड: ‘धास्ती’, आणि हिला षष्ठी खुशाल द्या. फोरबोडिंगला मला शब्द सुचलेला नाही.

पोथीनिष्ठ

योगशिबिराचं मान्य. पापशंका मात्र मी सोडणार नाही, माझ्यापुरती वापरीन.

‘येऊ घातलेलं’ सुंदर आहे. हे कोशात शोधून मिळालं नसतं.

कानामात्रा

इतकं सगळं वाचलं. ‘दार उघडायला मन ग्वाही देईना.’ झालं की.

अर्धविराम

कानामात्रा, कुठे होता इतके दिवस!

मी तो प्रतिसाद मोठ्याने वाचला आणि पेन्सिल कुठे येईल ते शोधत बसले. ‘कशाची?’ विचारता येत नाही, कारण षष्ठी नाही. ‘टपालाने?’ नाही. ‘कोणता?’ नाही. दार आहे तरी चालतंय, माणूस लागत नाही.

आणि जोडाक्षरकाकांचा निरोप्या इथे उलटा उभा आहे. ग्वाही म्हणजे साक्ष, फारसी गवाहाची. इंग्रजीत कुणीतरी येऊन सांगतं की वाईट आहे. मराठीत ‘सगळं ठीक आहे’ असं सांगायला जो साक्षीदार हवा होता, तो गप्प बसलाय.

पोथीनिष्ठ

इथेच माझी हरकत. ग्वाही न मिळणं हा अभाव झाला. फोरबोडिंग अभाव नाही, ते दाटून येतं, तुम्हीच लिहिलंत. ‘व्यवहाराला मन ग्वाही देत नाही’ असंही आपण म्हणतो, तिथे भय कुठे असतं? नुसता अविश्वास असतो. पाल गेली आणि तिच्या जागी दुसरी पाल आली.

दोनओळी

मुद्दा बरोबर आहे. पण सगळं ओझं एकाच वाक्याने का उचलायचं? आधीच्या वाक्याला थोडं द्या. रात्रपाळी म्हणतात तसं शरीराला आधी कळू दे. किल्ली तिच्या हातात आहेच, ती वापरा.

रात्रपाळी

हो, हात. आमच्याकडे हात आधी गार पडतात. आणि माणूस करायचं ते पटकन करत नाही, लहानसहान काहीतरी करत वेळ काढतो. उशी सारखी कर, पाणी दे, घड्याळात किती वाजले. आता कळतं की चष्मासुद्धा त्यातलाच असेल.

अर्धविराम

काल रात्री पाठवलं. असं आहे:

‘तिने किल्ली काढली. मग पर्स बंद केली, खांद्यावर नीट घेतली, पुन्हा उघडून बंद केली. फटीतून उजेड येत होता. नेहमीचंच दार, पण ते उघडायला मन ग्वाही देईना.’

पर्सचं मूळ कथेत नाही. तेवढं मी पदरचं घातलंय आणि संपादकबाईंना तसं सांगितलंय. पोथीनिष्ठांची हरकत मला अजूनही अर्धी पटते. ‘दाटून आलं’ हे मराठीत आलंच नाही, ते पर्सच्या उघडझापीत कुठेतरी गेलं असावं अशी आशा आहे. आणि ‘अशुभाची चाहूल’ मी टाकून दिलेली नाही, ५८व्या पानावर जिन्यात खरंच पाऊल वाजतं, तिथे ठेवली आहे. काका, तुमचं श्रेय.

‘येऊ घातलेलं’ आणि ‘धास्ती’ जसंच्या तसं उचललं. ‘ओमिनस’ला ‘भलतीच शांतता’ केलं.

आज पानं परत आली. ४१व्या पानावर पेन्सिल कुठेच नाही. फक्त पर्सपाशी एक बारीकशी बरोबरची खूण आहे, ती माझ्यासाठी की त्यांच्या चहाचा थेंब पुसताना उमटली, सांगता येत नाही.

४३व्या पानावर ‘अनकॅनी’ आहे. त्याखाली दोन रेघा आहेत. नवीन धागा काढते.